दुखणं आमच्या पाठीचं, 'सौंदर्य' ठरवणार तुम्ही?



विमा कंपनीकडून मला आलेलं पत्र चार ओळींचं आहे. त्यातल्या कामाच्या ओळीचा अर्थ असा: तुम्ही मागितलेली शस्त्रक्रिया सौंदर्यासाठीची आहे, म्हणून पॉलिसीच्या कलम ०८ नुसार तिचा खर्च देता येत नाही.

शस्त्रक्रिया कोणती? स्तनांचं वजन आणि आकार कमी करण्याची. हे वाचून काहींच्या ओठांवर हसू आलं असेल, काहींनी मोबाईलची स्क्रीन शेजाऱ्यापासून लपवली असेल. त्या हसण्याचा आणि लपवण्याचा हिशेब मी पुढे करणारच आहे. आधी पत्राचा हिशेब करू.

मी खराडीत राहते. नगर रस्त्याच्या अलीकडे चंदननगर, पलीकडे आयटी पार्कच्या काचेच्या इमारती. त्यातल्याच एका इमारतीत मी पगारपत्रकांचं काम करते. नऊ-दहा तास खुर्चीत. गेली बारा वर्षं माझी मान, खांदे आणि पाठीचा वरचा भाग दुखतोय. आधी खुर्ची बदलली, मग उशी बदलली. हाडांच्या डॉक्टरांकडे गेले, एक्स-रे काढले, सहा महिने फिजिओथेरपी केली. उन्हाळ्यात स्तनांखालची त्वचा सोलवटून निघते, म्हणून त्वचेच्या डॉक्टरांची मलमं वर्षानुवर्षं सुरू आहेत. शेवटी हाडांच्या डॉक्टरांनीच स्पष्ट सांगितलं, "मणक्यात फारसं काही नाही. तुम्ही पुढच्या बाजूला जे ओझं वागवताय, ते कमी झाल्याशिवाय हे थांबणार नाही." त्यांनी प्लास्टिक सर्जनकडे पाठवलं. सर्जननी तपासून शस्त्रक्रिया सुचवली. खर्चाचा अंदाज पावणेदोन लाख.

कंपनीचा गटविमा आहे, त्यामुळे मला धीर होता. हॉस्पिटलच्या विमा डेस्कवरून कॅशलेससाठी अर्ज गेला. दोन दिवसांनी निरोप आला, फोटो पाठवा. समोरून, डावीकडून, उजवीकडून, चेहरा नको. मी पाठवले. कुणी पाहिले, किती जणांनी पाहिले, आज कुठल्या इनबॉक्समध्ये पडून आहेत, मला माहीत नाही. फोटो पाहून झाल्यावर ते चार ओळींचं पत्र आलं. हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी, फिजिओथेरपीच्या पावत्या, त्वचेच्या औषधांचे कागद यांतल्या एकाचाही त्यात उल्लेख नव्हता.

डेस्कवरचा मुलगा समजुतीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, हे ब्यूटीमध्ये धरतात."

तर मित्रांनो, हा लेख त्या 'धरतात'बद्दल आहे. कोण धरतं? कशावरून धरतं? आणि त्यांनी धरलं तर आपण सोडून का द्यायचं?

दुखणं काय आहे

वैद्यकीय भाषेत याला मॅक्रोमास्टिया म्हणतात. शरीराच्या मानानं स्तन फार मोठे आणि जड होतात. कुणाला वयात येताना, कुणाला बाळंतपणानंतर, कुणाला घराण्यातूनच. हे वजन पुढे ओढतं आणि त्याला तोलून धरायला मान, खांदे, पाठ यांचे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात. ब्रेसियरचे पट्टे खांद्यांत रुतून तिथे कायमच्या खाचा पडतात. काहींच्या हातांना मुंग्या येतात. घडीत घाम साठतो, त्वचा लाल होते, बुरशी धरते, बरी होते, पुन्हा धरते. धावणं, व्यायाम करणं, पोटावर झोपणं विसरावं लागतं.

शस्त्रक्रियेत जादा ऊती आणि त्वचा काढतात आणि उरलेला स्तन नव्यानं बसवतात. पूर्ण भूल द्यावी लागते, मग कित्येक आठवडे जड काम बंद. कायमचे व्रण राहतात. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, पुढे मूल झालं तर अंगावर पाजण्यात अडचण येऊ शकते. हे सगळं सर्जन आधीच कागदावर सही घेऊन सांगतात. दुखणं असह्य झाल्याशिवाय कोण बाई या वाटेला जाईल?

"आधी वजन कमी करा," हा सल्ला मला किमान सहा जणांनी दिला. त्यातले चार जण डॉक्टर नव्हते. वजन उतरवल्यानं काहींना थोडा आराम मिळतो, हे खरं. पण स्तनात चरबीबरोबर ग्रंथींच्या ऊतीही असतात. पोट उतरतं, त्या प्रमाणात छाती उतरेलच असं नाही. आणि जिला चार पावलं धावता येत नाही, तिला 'धावून वजन उतरव' सांगणं म्हणजे पाय बांधून शर्यत लावण्यासारखं आहे. अमेरिकेत 'ब्राव्हो' नावाचा एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. वजन उतरवणं, व्यायाम, फिजिओथेरपी, खास ब्रेसियर, औषधं या उपायांनी टिकाऊ आराम मिळत नाही, शस्त्रक्रियेनं मात्र वेदना लक्षणीयरीत्या कमी होते, असं त्यात आढळलं. म्हणजे विज्ञानाला उत्तर मिळून वीस वर्षं उलटली. आपल्या विमा डेस्कवर मात्र अजून 'ब्यूटी'च चाललंय.

कलम ०८ नीट वाचा

आपल्याला शाळेत न शिकवलेली पण चळवळीनं शिकवलेली एक गोष्ट म्हणजे कागद मुळापासून वाचायचा. मी वाचला.

देशातल्या आरोग्य विम्यावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था म्हणजे विमा नियामक आणि विकास प्राधिकरण. या प्राधिकरणानं २७ सप्टेंबर २०१९ रोजी विमा कंपन्यांसाठी वगळण्याच्या बाबींची प्रमाणित भाषा ठरवून दिली. त्यातलं आठवं कलम सौंदर्य किंवा प्लास्टिक सर्जरीबद्दल आहे. कंपन्या त्याचा अर्धाच भाग वाचतात. रूप बदलण्यासाठीच्या उपचाराचा खर्च मिळणार नाही, हे त्यात आहेच. पण त्याच वाक्यात पुढे अपवाद आहेत. अपघात, भाजणं किंवा कर्करोग यानंतरची पुनर्रचना हा एक. आणि विमाधारकाच्या आरोग्याला असलेला प्रत्यक्ष आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असलेला उपचार हा दुसरा. ही आवश्यकता कुणी प्रमाणित करायची? उपचार करणाऱ्या डॉक्टरनं. कलमात तसं लिहिलं आहे. विमा डेस्कवरच्या मुलानं, फोटो पाहणाऱ्या अनोळखी माणसानं किंवा सॉफ्टवेअरमधल्या यादीनं करायची, असं त्यात कुठेही नाही.

म्हणजे दार आहे. आमच्यासाठी ते आहे हेच सांगितलं जात नाही.

आता कंपनीचा वकील म्हणेल, "ताई, 'तातडीचा' हा शब्द पाहा. तुमच्या मानेच्या दुखण्यानं तुम्ही उद्या मरणार आहात का?"

नाही मरणार. पण मोतीबिंदूनं कोण उद्या मरतं? गुडघे झिजल्यानं कोण मरतं? प्रतीक्षेचा काळ संपला की मोतीबिंदूचे आणि गुडघेबदलाचे दावे रोज मंजूर होतात. माणसाला दिसावं, चालता यावं, वेदनेशिवाय जगता यावं, एवढं कारण तिथे पुरतं. गुडघा बदलल्यावर पाय सरळ दिसतो, म्हणून त्याला कुणी सौंदर्यशस्त्रक्रिया म्हणत नाही. मग खांद्यावरचं ओझं उतरवल्यावर बाई सुटसुटीत दिसते, एवढ्यावरून तिचं दुखणं खोटं कसं ठरतं? अवयव गुडघा असला की वेदना, अवयव स्तन असला की रूप! हा फरक वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. बाईच्या छातीकडे पाहणाऱ्या नजरेतून आला आहे. त्या नजरेला तो अवयव पाहण्याची वस्तू वाटतो. तो दुखू शकतो, सोलवटू शकतो, हे त्या नजरेच्या हिशेबातच नाही.

नियामकाला मोजमाप जमत नाही, असंही समजू नका. याच यादीतलं सहावं कलम लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचं आहे. तिथे आकडे दिले आहेत. बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असेल, अथवा ३५ किंवा त्याहून अधिक असून हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास, आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखे आजार सोबत असतील, तर शस्त्रक्रियेचा खर्च मिळू शकतो. पंधरावं कलम चष्म्याच्या नंबरचं आहे. ७.५ डायॉप्टरपेक्षा कमी नंबर असेल तर खर्च मिळत नाही, तिथेही रेघ स्पष्ट आहे. म्हणजे जिथे इच्छा होती तिथे निकष लिहिले गेले. स्तनांच्या बाबतीत निकष नाही, नुसती गप्प बसण्याची सवय आहे. आणि जिथे निकष नसतो तिथे मर्जी चालते. मर्जी कुणाची चालते आणि कुणावर चालते, हे आपल्या समाजाला कुणी नव्यानं सांगायला नको.

जाता जाता सातवं कलमही वाचा. शरीराची लिंगवैशिष्ट्यं बदलणाऱ्या सगळ्या उपचारांना त्यात सरसकट नकार आहे. आपल्यातल्या ट्रान्स भावंडांसाठी दुसरा अपवाद नाही, डॉक्टरचं प्रमाणपत्रही नाही. त्याच २०१९ साली संसदेनं केलेल्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या कायद्यात मात्र अशा शस्त्रक्रियांचा खर्च विम्यात घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. कायदा एक सांगतो, पॉलिसी दुसरंच छापते. ही लढाई शेजारशेजारच्या दोन कलमांची आहे, ती एकत्रच लढली पाहिजे.

एकाच इमारतीतल्या दोन बायका

आता माझ्या आईबद्दल. मी ज्या इमारतीत संगणकासमोर बसते, तिच्या शेजारच्याच इमारतीत माझी आई हाउसकीपिंगला होती. मराठवाड्यातून आलेली, ठेकेदाराच्या हजेरीपटावरची. आमचा बांधा एकच. तीही आयुष्यभर हेच ओझं घेऊन फरशा पुसत आली. पुसायला वाकलं की वजन पुढे ओढतं, उठताना पाठीत कळ येते. जुन्या सुती साडीच्या घड्या करून ती छातीखाली ठेवायची, घाम टिपायला. वर पावडर. मी माझं पत्र तिला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "माज्या आईला बी व्हतं, मला बी हाय, तुला बी. याला आजार म्हनत्यात व्हय?"

तीन पिढ्या, आणि दुखण्याला नावसुद्धा नाही. ज्याला नाव नाही त्याचा दावा कसा करणार?

मैत्रिणींनो, म्हणून मला कुणी सांगू नये की हा आयटीतल्या पगारदार बायकांचा चोचला आहे. मला निदान नकाराचं पत्र तरी मिळालं. आईला नकारसुद्धा मिळाला नाही, कारण तिनं कधी विचारलंच नाही. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या, कायद्याखाली येणाऱ्या आस्थापनांतल्या कामगारांना कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय, लागू होतो. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के रक्कम जाते. खराडीतल्या सफाई, सुरक्षा, कँटीनच्या बायका याच गटातल्या. पण बिबवेवाडीच्या किंवा चिंचवडच्या ईएसआय रुग्णालयात जायचं तर एक दिवसाची हजेरी बुडते. आणि पुरुष डॉक्टरसमोर 'छाती जड आहे, पाठ दुखते' हे म्हणायला जी भाषा लागते, ती आपण बायकांना दिलेलीच नाही. पगार २१,००० च्या वर गेला, ईएसआय सुटला आणि ठेकेदारानं दुसरा विमा काढला नाही, तर ती बाई मधल्या मध्ये लटकते. तिच्यासाठी उरते महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाची राज्य सरकारची योजना. ती ठरावीक उपचारांच्या यादीवर चालते. यादीत बसलात तर तुम्ही आजारी, नाही बसलात तर नशीब.

ही यादी कोण बनवतं? तिथे आईसारखी किती माणसं बसलेली असतात?

हा आपला प्रश्न कसा नाही?

चळवळीतल्या एका ज्येष्ठ दादांना मी हा विषय शिबिरात मांडू का विचारलं. ते म्हणाले, "ताई, विषय महत्त्वाचा असेल, पण आपल्या व्यासपीठावरचा नाही. आधी आरक्षण, अत्याचार, शिष्यवृत्त्या." मागच्या रांगेतले दोन तरुण हसले. दादांचा मी आदर करते, म्हणूनच उत्तर जाहीरपणे देते.

खराडीच्या पुलावरून नदी ओलांडली की मुंढवा. १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या गावकुसाबाहेरच्या वस्तीतून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीमाई हडपसरजवळच्या दवाखान्यात गेल्या. तो दवाखाना त्यांनी आणि डॉक्टर यशवंतनं चालवला होता. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. ज्याला कुणी हात लावत नव्हतं त्या शरीराला त्यांनी पाठीवर घेतलं. आरोग्य हा आपला विषय कधीपासून आहे, हे खराडी-मुंढव्याच्या माणसाला तरी विचारावं लागू नये.

बाईच्या शरीराचंही तेच. एकोणिसाव्या शतकात त्रावणकोरमध्ये नाडर स्त्रियांना छाती झाकण्याच्या हक्कासाठी दशकानुदशकं झगडावं लागलं, १८५९ साली राजाला जाहीरनामा काढणं भाग पडलं. उघडी ठेवायची की झाकायची, हे तेव्हा जात ठरवत होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेला आलेल्या आपल्या आज्या-पणज्यांना बाबासाहेबांनी साडी नेसण्याची जातदर्शक पद्धत आणि अंगावरचे जड दागिने टाकून द्यायला सांगितलं. त्या बायकांनी ते तिथल्या तिथे अमलात आणलं. जातीनं अंगावर चढवलेलं ओझं उतरवणं ही चळवळ होती. मग निसर्गानं चढवलेलं आणि व्यवस्थेनं 'सौंदर्य' म्हणून हिणवलेलं ओझं उतरवणं चळवळ का नाही?

आणि मागच्या रांगेत हसणाऱ्या भावांनो, १९३४ साल लक्षात ठेवा. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचा खटला भरला गेला, कारण त्यांनी वाचकांच्या लैंगिक विषयावरच्या प्रश्नांना सरळ उत्तरं दिली होती. कर्व्यांची बाजू न्यायालयात कुणी लढवली? बॅरिस्टर भीमराव आंबेडकरांनी. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण शरीराबद्दल मोकळेपणानं बोलणं म्हणजे अश्लीलता नव्हे, हा मुद्दा बाबासाहेबांनी भर न्यायालयात मांडला. ज्यांच्या नावानं तुम्ही जयभीम घालता, त्यांना या विषयाचा संकोच वाटला नव्हता. तुम्हाला का वाटतो?

आता पैशाबद्दल. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या लाभाचं विधेयक आलं. मालकांचा सूर तेव्हाही हाच होता, खर्च कोण करणार? बाबासाहेब विधेयकाच्या बाजूनं उभे राहिले. आईला मिळणारी विश्रांती राष्ट्राच्या हिताची आहे, तिचा भार सरकारनं आणि तिच्या श्रमावर नफा कमावणाऱ्या मालकानं उचलावा, अशी त्यांची मांडणी होती. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. आरोग्य विम्याची योजना आखायला १९४३ साली प्रा. अदारकरांना नेमलं गेलं ते याच काळात. त्यातूनच पुढे १९४८ चा ईएसआय कायदा आला. आणि १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी याहून पुढचं पाऊल टाकलं. विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मिळकतीच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, ही तरतूद त्यांना थेट संविधानात हवी होती.

तसं झालं नाही. १९५६ साली आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७२ साली सर्वसाधारण विम्याचं. १९९९ च्या कायद्यानं पुन्हा खासगी कंपन्यांना दार उघडलं. आज आपलं दुखणं हा कुणाच्या तरी ताळेबंदातला खर्च आहे आणि तो कमी ठेवणं हे त्यांचं काम आहे. मी हे रडगाणं म्हणून सांगत नाही. माझ्या पत्रातल्या त्या चार ओळी कुठून आल्या, ते कळावं म्हणून सांगते.

"सगळ्यांना मंजुरी दिली तर हप्ते वाढतील," असा एक शहाणपणाचा आक्षेप येतो. सगळ्यांना द्या असं म्हणतंय कोण? निकष लावा. दुखण्याची नोंद तपासा, आधी केलेले उपचार तपासा. या शस्त्रक्रियेसाठी कुणी मौज म्हणून रांग लावत नाही, तिचे व्रण जन्मभर राहतात. आणि हप्त्याचं म्हणाल तर गटविम्याचा हप्ता मालकानं केलेला उपकार नाही. तो आमच्या श्रमाच्या मोबदल्यातलाच एक हिस्सा आहे. आमच्याच पैशातून आमच्या दुखण्यावर हसायचं, हे चालणार नाही.

मागण्या

एक. नियामकानं लठ्ठपणासाठी सहाव्या कलमात जसे निकष लिहिले, तसे आठव्या कलमात स्तनभाराच्या शस्त्रक्रियेसाठी लिहावेत. निकष लक्षणांवर असावेत: नोंदवलेली दीर्घकाळची वेदना, वारंवार होणारा त्वचेचा संसर्ग, इतर उपचार करूनही न पडलेला फरक. किती ग्रॅम ऊती काढल्या, यावर नको. अमेरिकेत १९९१ सालची श्नूर नावाची मोजपट्टी विमा कंपन्यांनी अशीच वापरली आणि ठरावीक ग्रॅम भरले नाहीत म्हणून दुखणाऱ्या बायकांना परत पाठवलं. वेदना तराजूत मोजता येत नाही.

दोन. अंगाच्या कार्यात अडथळा आणणाऱ्या दुखण्याला 'तातडीचा धोका' ही अट लावू नये.

तीन. फुले योजनेत आणि ईएसआयमध्ये ही शस्त्रक्रिया वैद्यकीय कारणासाठी मिळते, हे नाव घेऊन, मराठीत, लेखी जाहीर करावं. तिथे बाईला बाई डॉक्टर मागण्याचा हक्क असावा.

चार. अंगाचे फोटो मागायचे असतील तर कोण पाहणार, कुठे ठेवणार, केव्हा पुसणार, हे आधी लेखी द्यावं. तपासणी डॉक्टर करू शकत असतील तर फोटो मागूच नयेत.

पाच. खराडीतल्या कंपन्यांनी गटविम्याचा करार करताना हे कलम शिथिल करून घ्यावं. बाळंतपणाचा खर्च, पहिल्या दिवसापासून जुने आजार, हे गटविम्यात घासाघीस करून मिळतंच. आणि त्याच इमारतीत झाडू मारणारी ठेक्यावरची बाई ईएसआयमध्ये नसेल, तर तिला त्याच गटविम्यात घ्यावं.

नकार आला तर काय करायचं

नुसत्या मागण्या करून घरी जाणं आपल्या परंपरेत नाही. म्हणून कामाचं सांगते.

डॉक्टरकडे जाल तेव्हा प्रत्येक दुखणं कागदावर लिहून घ्या. मान किती वर्षं दुखते, पुरळ किती वेळा आलं, फिजिओथेरपी किती दिवस केली, झोप लागते का, कामावर काय परिणाम होतो. सर्जनच्या पत्रात शस्त्रक्रियेचं वैद्यकीय कारण आणि ती वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असल्याचं प्रमाणपत्र सरळ शब्दांत असू द्या. खोटं काही लिहायचं नाही, खरं काही सोडायचं नाही.

नकार तोंडी घेऊ नका. २९ मे २०२४ च्या नियामकाच्या परिपत्रकाप्रमाणे कंपनीला आपल्या अंतर्गत समितीच्या मंजुरीशिवाय दावा फेटाळता येत नाही, आणि फेटाळताना पॉलिसीतल्या नेमक्या अटीचा हवाला द्यावा लागतो. समितीनं डॉक्टरांचं प्रमाणपत्र पाहिलं का, त्यावर काय मत दिलं, हे लेखी विचारा.

मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करा. एका महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. पुण्याचं कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर आहे. कंपनीनं अंतिम नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत जायचं. फी नाही, वकील लागत नाही, गटविम्यातल्या माणसालाही जाता येतं, ५० लाखांपर्यंतचा निवाडा देता येतो. त्यापलीकडे जिल्हा ग्राहक आयोग आहेच. ठेक्यावरच्या भगिनींनी आधी एवढं करावं: पगारातून कापलेले ईएसआयचे पैसे खरंच भरले जातात का, ते तपासावं आणि आपलं ई-पहचान कार्ड हातात घ्यावं.

माझा अर्ज नारायण पेठेत पोहोचला आहे. निकाल माझ्या बाजूनं लागेलच असं मी सांगत नाही. पण आता त्या फाइलमध्ये चार ओळींच्या पत्रासमोर माझी बारा वर्षं कागदावर आहेत. दरवर्षी १ जानेवारीला भीमा कोरेगावला जाणारा जनसागर आमच्या नगर रस्त्यानं जातो. आई पहाटेपासून पाण्याच्या स्टॉलवर उभी असते, जार उचलते, पेले भरते. यंदाही उभी होती. दुपारी ती खांद्यावरचा पट्टा बोटानं वर उचलून, खाच चोळत बाजूला बसली. मी विचारलं, "दुखतंय का?" ती पहिल्यांदाच "नाही" म्हणाली नाही. म्हणाली, "व्हय. दुखतंय. कुटं लिवायचं ते सांग."

तिचा केसपेपर आम्ही मायलेकी काढणार आहोत. तुमच्या घरातल्या आईला, बहिणीला, बायकोला एकदा विचारा. आणि ती बोलू लागली की हसू नका, लिहून घ्या.

जय भीम! जय सावित्री!